पाच डोंगरांचे दगड

३ मार्च

बारक्या,

आप्पांचं रक्त आता गोठत नाही. काल रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट समोर धरून तसं स्पष्ट सांगितलं. मागे उभ्या नर्सनेही मान हलवली, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. म्हणाले, "घरी न्या. पडू देऊ नका, खरचटू देऊ नका, आणि वस्तरा तर घरात दिसता कामा नये." आयुष्यभर लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवलेल्या माणसाबद्दल बोलतोय, हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

फोन करत नाही, कारण खोली एकच आणि आप्पांचे कान अजून शाबूत. शेजारच्या घरात कोण काय पुटपुटलं तेही त्यांना कळतं.

अडचण अशी आहे. आप्पांचा नियम तुला ठाऊक आहे: दाढी झाल्याशिवाय तोंडात घास नाही. दुकान होतं तेव्हा आधी आरशासमोर स्वतःची दाढी, मग चहा. दुकान बंद झालं तरी नियम सुटला नाही. आता हात खांद्याच्या वर जात नाही. दाढी वाढली आणि जेवण बंद झालं. चमचा पुढे केला की तोंड भिंतीकडे, पाणी तेवढं घेतात. मी मशीन आणलं. ते सुरू केल्याबरोबर म्हणाले, "मेंढरं भादरतात त्याने. मी अजून मेंढरू झालो नाही." कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला बोलावलं. त्याने आजार ऐकला, पेटी उघडलीच नाही. "ताई, ते माझे गुरू. माझ्या हातून नको," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

डॉक्टरांना पुन्हा विचारलं. त्यांनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाले, "न जेवता किती दिवस काढतील? तुमचं तुम्ही ठरवा."

मी ठरवलंय. दाढी मी करणार. शिवणकामाने माझा हात स्थिर आहे, पण धार मला लावता येत नाही. आप्पांचा धार लावायचा दगड गेल्या वर्षी फरशीवर पडून फुटला. तू बंद पडलेल्या दुकानांतून जुने दगड जमवतोस. त्यांतला एखादा असा शोध की केस कापला जाईल पण कातडीला कळणार नाही. काळ्या मुठीचा वस्तरा सोबत पाठवते. पांढऱ्या मुठीचा इथेच ठेवते, तो गेला तर आप्पांना लगेच कळेल.

त्यापेक्षा तूच ये ना. आप्पा विचारतात, पोरगा कधी येतो.

ताई


९ मार्च

प्रिय ताई,

पत्र वाचून जीव थाऱ्यावर नाही. लगेच निघावंसं वाटलं, पण सलूनमध्ये सध्या लग्नांची गर्दी आहे. मालक रजेचं नाव काढू देत नाही. थोडं निभावलं की येतो.

दगडाचं मात्र तू योग्य माणसाला सांगितलंस. कारखान्यात बनवलेल्या दगडाची धार झणझणीत असते, पण ती केसाबरोबर कातडीचा पापुद्राही उचलते. डोंगरातून निघालेल्या दगडाचा कण मऊ असतो. तो घासताना मोडत जातो आणि धार सौम्य होते. माझ्याकडे असे पाच आहेत, पाचही वेगवेगळ्या डोंगरांतले. एकेक लावून बघतो.

पहिला हिरवट दगड लावला. पाणी टाकून दगडाच्याच छोट्या तुकड्याने त्याचं तोंड घासलं की दुधासारखा गाळ सुटतो. त्यावर वस्तरा, शेवटी नुसत्या पाण्यावर. दगड बरा आहे, फक्त त्याची धार पात्याच्या टोकाकडे केस जरा ओढते. मनगटावरचे केस उडाले.

दाढी करण्याआधी गरम पाण्याचा टॉवेल गालावर ठेव. फेस भरपूर लाव. कातडी डाव्या हाताने ताण, पातं गालाला जवळजवळ टेकलेलं ठेव, आणि केसाच्या दिशेनेच जा. उलटं अजिबात नाही. हनुवटीखाली घाई करू नकोस.

आप्पांना सांग, येतोय.

बारक्या


१५ मार्च

बारक्या,

हे काय, टाईप केलेलं पत्र? पाकीट उघडलं तर वाटलं घर खाली करायची नोटीस आली. मोत्यासारखं अक्षर होतं तुझं. शाळेतल्या बाई फळ्यावर सुविचार तुझ्याकडून लिहून घ्यायच्या. एवढा मोठा साहेब कधी झालास?

वस्तरा मिळाला. दाढी झाली. आप्पा उशीला टेकून राजासारखे बसले होते. रक्त नाही. एक थेंब नाही. पण हनुवटीपाशी पातं अडखळलं आणि त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "दगड बरा आहे. हात सरळ नाही."

मी म्हटलं, "पहिल्यांदाच करतेय आप्पा."

त्यांनी डोळे पुन्हा मिटले. नंतर वाटीभर दूधभात खाल्ला. इतक्या दिवसांनी! मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशीही झाली, पण धार उतरत चाललीय. वस्तरा परत पाठवते. जरा आणखी मऊ दगड बघ. आणि मला खरं सांग, माझा हात नेमका कुठे चुकतोय? आप्पा उगाच बोलायचे नाहीत.

तू कधी येतोस ते लिहायचं विसरलास.

ताई


२१ मार्च

प्रिय ताई,

सलूनमध्ये काउंटरवर कॉम्प्युटर आहे, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात त्यावर लिहून होतं. एवढंच कारण. त्यात साहेबी काही नाही.

आप्पांनी जेवण केलं हे वाचून बरं वाटलं. हाताचं विचारलंस, तर पहिल्या वेळी असंच होतं. तुझा हात अजून बसला नसेल. शिलाईची सुई वेगळी, वस्तरा वेगळा. मनगट सैल ठेव. सरावाने येईल, मनाला लावून घेऊ नकोस.

या वेळी दोन दगड वापरले. आधी पांढरा, मग जांभळा. पांढरा तेलकट आणि कमालीचा टणक, कितीही घासा, काही सोडत नाही. तोही टोकाकडे ओढतो. जांभळा मऊ, पण त्याचीही तीच तऱ्हा. आणखी एक पिवळा आहे, तो लावलाच नाही. काळ्या पाटीसारखा जो आहे तो तर निकामीच. भलताच संथ. धार यायला अर्धा दिवस लागेल, आणि मध्येच ओरखडे पाडतो. तो बाजूला ठेवलाय.

हाताच्या केसांवर बघितलं, चालतंय. पांढऱ्या मुठीच्या वस्तऱ्याला हात लावू नकोस, त्याला आप्पांचीच जुनी, उतरलेली धार आहे. हाच वापर.

यायचं बघतोय.

बारक्या


३० मार्च

बारक्या,

कापलं.

हनुवटीच्या खाली, डावीकडे. पातं टोकाशी घसरलं आणि मग एकदम चावलं. नखाएवढी जखम. तुझ्या-माझ्या हनुवटीवर असती तर कागदाचा कपटा लावून आपण कामाला लागलो असतो.

ते थांबेना. मी दाबून धरलं, शेजारणीने बर्फ आणला, टॉवेल बदलला, पुन्हा बदलला. रुग्णालयात रक्त चढवलं. नर्स म्हणाली, "तुम्हाला सांगितलं नव्हतं?" सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, आणि बरोबरच म्हणाली.

घरी आणलंय. आवाज अगदी बसलाय. दाढी वाढतेय, जेवण पुन्हा बंद, पाणी तेवढं घेतात. मी वस्तरा उचलायला धजत नाही. शिलाई मशीनवर बसले तरी माझी बोटं माझ्याकडे बघत असल्यासारखी वाटतात. गिऱ्हाइकाच्या कपड्याला शिलाई वाकडी गेली, उसवून पुन्हा घातली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आप्पा रागावले नाहीत. ते सगळ्यात वाईट.

मला लिही, हाताला काय करू.

ताई


४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

सगळे दगड पाठवतोय, पाचही. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेत, नीट सोडव. आता धार इथून लावून पाठवण्यात अर्थ नाही. रस्त्यात हादरे बसतात, धार बिघडते. तू तिथेच लाव आणि लगेच वापर. अवघड नाही, तुला जमेल.

पात्याची पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेल्या हव्यात. पातं पुढे ढकल, मग पाठीवरून उलटव, कधीही धारेवरून नको. जोर लावायचा नाही, पात्याचं वजन पुरे. मधूनमधून पुसून भिंगाखाली बघ. धारेच्या कडेला एक बारीक चकाकती पट्टी दिसेल. ती टोकापासून मुठीपर्यंत सारख्या रुंदीची असली पाहिजे, आणि तिच्यावरच्या रेघा समांतर. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून.

आधी स्वतःच्या हातावर बघ. मग बोटांत धरलेल्या सुट्ट्या केसावर. मग आप्पा.

तुझ्या हाताला काही करू नकोस.

बारक्या


१२ एप्रिल

बारक्या,

दगड पोचले. मी त्यांना नावं ठेवली. पांढरा तो मोठी आत्या: कितीही घासा, काही सोडत नाही. जांभळा तो घरमालक, वरून मऊ. हिरवटाला तुझंच नाव दिलंय, कारण चांगला असून कामाच्या वेळी आपला लांब. हसू आलं तर हस. इथे हसायला दुसरं काही नाही.

स्वयंपाकाच्या ओट्यावर ओला टॉवेल पसरून रोज बसते. आप्पा कॉटवरून आवाज ऐकतात. वस्तरा दगडावर नीट गेला की "हं" म्हणतात, नाही गेला की खोकतात. पहिले काही दिवस नुसता खोकला.

आता नीट वाच.

मी पाचही दगड लावून बघितले. एकही टोकाकडे ओढत नाही. पिवळा नाही, जांभळा नाही, मोठी आत्यासुद्धा नाही. आणि ज्याला तू निकामी म्हणालास तो काळा सगळ्यांत चांगला निघाला. संथ आहे, खरंय. त्याला वेळ द्यावा लागतो, हात एका पातळीत ठेवून बसावं लागतं. पण ओरखडा? एक नाही. त्या धारेने माझ्या मनगटावरचा केस गेला तो मला दिसला, जाणवला नाही.

तेव्हा प्रश्न पडला. पाच डोंगरांचे दगड, आणि तुझ्या पत्रांत त्यांतल्या तिघांची खोड एकच कशी?

ज्या वस्तऱ्याने कापलं, तो मी परत दगडाला लावला नव्हता. धुऊन, पुसून कागदात ठेवला होता. शिकले ते सगळं पांढऱ्या मुठीच्या वस्तऱ्यावर. काल काळ्या मुठीचा बाहेर काढला आणि तू सांगितलंस तसा भिंगाखाली धरला. पट्टी मुठीकडे बारीक, टोकाकडे पसरट आणि गोल. रेघा समांतर नाहीत. वाऱ्यात धरलेल्या दोऱ्यासारख्या हलतायत, टोकापर्यंत.

रस्त्यातल्या हादऱ्यांनी अशा रेघा पडत नाहीत, बारक्या. हे तूच मला बघायला शिकवलंस.

टाईप केलेली पत्रं. "येतो, येतो." आणि आप्पांचं पहिल्या दिवशीचं बोलणं, हात सरळ नाही. ते माझ्याबद्दल बोलतच नव्हते.

मी दोन आठवडे स्वतःच्या बोटांकडे बघत होते. तू मला लिहिलंस, तुझा हात बसला नसेल.

काय झालंय ते हाताने लिही. कसंही येऊ दे.

ताई


१७ एप्रिल

ताई,

बघ अक्षर. वाचता आलं नाही तर सोडून दे, पण टाईप करत नाही.

उजवा हात थरथरतो. गेल्या वर्षी सुरू झालं. आधी कप धरताना, मग कंगवा. एका गिऱ्हाइकाने आरशातून माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खुर्चीतून उठला. अर्धी दाढी तशीच. मालक माणूस बरा, काढलं नाही. काउंटरवर बसवलं. मी नंबर पुकारतो. लग्नांची गर्दी होती, ती बाकीच्यांना. मला कधीही रजा मिळाली असती.

डॉक्टर म्हणाले, बरं होणार नाही. गोळ्यांनी वेग कमी राहील एवढंच.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, दगडावर तरी जमेल. कोपर टेबलाला टेकवलं, मनगट डाव्या हाताने धरलं. मधला भाग साधायचा. टोकाशी गेलं की हात उडायचा. मी दगड बदलत राहिलो. खरंच वाटायचं की दगडाचंच चुकतंय. पाचांतला एखादा तरी मला सांभाळून घेईल. काळा तेवढा वेळ मागायचा, तो सगळ्यांत आधी नकोसा झाला.

दुसऱ्या वेळी मी माझ्या हातावर धार बघितली तेव्हा टोकाने मला कापलं. बारीकसं. मी ते पुसलं आणि पार्सल बंद केलं. मग तुला लिहिलं की चालतंय.

हे मी कुणाला सांगणार होतो ते माहीत नाही. तुला नाही, एवढं ठरवलं होतं.

मी आलो असतो तर आप्पांनी वस्तरा माझ्याच हातात दिला असता. म्हणून आलो नाही. त्यांनी मला खुर्चीमागे उभं केलं, फुग्यावर साबण लावून त्याची दाढी करायला शिकवलं, तेव्हा म्हणाले होते, फुगा फुटला तर दुसरा फुगव, माणूस फुटला तर काय करशील. ते रोज ऐकू येतं.

कळव त्यांना, किंवा नको. तू ठरव. माझं ठरवणं बघितलंसच.

बारक्या


२२ एप्रिल

बारक्या,

अक्षर वाचता आलं. काही ठिकाणी खिडकीशी उभं राहावं लागलं.

तुला माफ केलं असं लिहीत नाही. रागही लिहीत नाही. दोन्हींना वेळ लागतो, आणि आज सकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. नाडी बघितली, पायांवरची सूज दाबून बघितली, मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, हा आठवडा. पुढचा धरू नका.

काळ्या दगडावरच्या धारेने मी त्यांची दाढी करतेय. तुला लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू केली. पहिल्या दिवशी शेजारण दारात बर्फाचं भांडं घेऊन उभी होती. बर्फ वितळून पाणी झालं, लागला नाही. तेव्हापासून रोज. गालांत खड्डे पडलेत, कातडी पातळ कागदासारखी. ताणून धरावी लागते, आणि माझे दोनच हात. पण एकदाही लाल दिसलं नाही. दाढी झाली की ते दोन-तीन चमचे दूध घेतात. तेवढंच. जास्त मी मागतही नाही.

मी त्यांना तुझ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. काल वस्तरा गालावर ठेवला, तर डोळे मिटूनच म्हणाले, "ही धार कोणाची?"

"माझी."

"आधीची त्याची होती."

"हो."

मी वस्तरा पुसून पुन्हा गालाला लावला. मग म्हणाले, "किती थरथरतो?"

मी हातातला वस्तरा बाजूला ठेवला. खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "कप धरवत नाही."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अर्ध्या गालाला फेस तसाच होता. मला वाटलं झालं, आता उद्यापासून दूधही नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते फेसातून ओघळलं. मी पुसलं नाही. माझ्या लहानपणापासून त्यांना रडताना बघितलं नव्हतं, मधे पडावंसं वाटलं नाही.

मग स्वतःच गाल माझ्याकडे केला. म्हणाले, "फेस पातळ झालाय. तुला फेस येत नाही. शिवणकामवाली ती शिवणकामवालीच."

"मग मी काय करू?"

"त्याला बोलाव. फेसाला हात हलताच लागतो. ब्रश त्याला दे." आणि थोड्या वेळाने, "गाल ताणून धरायला पण कुणीतरी हवं. दाबून धरलं की हात गप्प बसतो. माझाही बसायचा."

म्हणजे त्यांचाही थरथरायचा, बारक्या. दुकान त्यांनी का बंद केलं ते आपण कधी विचारलंच नाही. डोळे अधू झाले म्हणाले आणि आपण मान्य केलं. दगड त्यांच्या हातातून कसा पडला, तेही आता कळतंय.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. कापड न्यायला येणारा ड्रायव्हर आज रात्री तुझ्या गावावरून जातो, तो सकाळी सलूनच्या काउंटरवर आणून देईल. वाचलंस की उठ. नंबर दुसरं कुणी पुकारेल.

दुपारची बस धरलीस तर परवा उजाडता इथे असशील. वस्तरा तयार आहे, काल रात्री पट्ट्यावर फिरवून ठेवला. ब्रश भिजत घालून ठेवते. परवाची दाढी मी तू येईपर्यंत करणार नाही, आप्पांना तसं सांगितलंय. ते "हं" म्हणाले.

दाढी थांबली की दूधही थांबतं, हे तुला माहीत आहे. तेव्हा बस चुकवू नकोस.

ताई